प्रोसेसिंगचं बटण दाबण्याआधी: मोठ्या फॉरेन्सिक इमेज आणि अर्काइव्हची तयारी

प्रश्न थोडक्यात असा: एका कंपनीच्या अंतर्गत चौकशीसाठी यूएसबी डिस्कवर तीन लॅपटॉपच्या ई०१ इमेज (डिस्कच्या जशाच्या तशा प्रती), झिप आणि रार ही अर्काइव्ह मिळून साधारण ६०० जीबी, शिवाय चाळीस-पंचेचाळीस जीबीच्या दोन पीएसटी (आउटलुकच्या मेल-फाइली), असा एकूण तीन टीबी डेटा आला आहे. फाइली उघडून त्यांतला मजकूर शोधण्याजोगा करणाऱ्या प्रोसेसिंग इंजिनाला सगळा एकाच जॉबमध्ये लावला, तर जॉब दोनदा चौदा-पंधरा तासांनी मध्येच पडला. आता झिप आधी हाताने उघडाव्यात का? इमेज थेट द्यावी की तिच्यातल्या फाइली काढून द्याव्यात? आणि सोमवारी कागद मागणाऱ्या वकिलांना काय सांगायचं?

पहिलं सांगणं हे, की तोच जॉब तिसऱ्यांदा लावू नका. दोनदा पडला म्हणजे आत काय आहे याची यादी तुमच्याकडे अजून नाही. ती यादी हातात आली की यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं तिथेच दिसतात. मी सोळा वर्षं हे काम करतो आहे. पडलेल्या जॉबपेक्षा मला भीती वाटते ती पूर्ण झालेल्या जॉबची, ज्यात पंधरा फाइली कमी आल्या आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही. म्हणून खाली सगळीकडे एकच हिशेब येत राहील: आत किती होतं, बाहेर किती आलं, फरक कुठे गेला.

आलेली डिस्क राइट ब्लॉकरमार्गे (डिस्कवर काही लिहू न देणारं उपकरण) जोडा आणि तिच्यावरून कधीही प्रोसेसिंग करू नका. यूएसबी हार्ड डिस्क सेकंदाला १२० एमबी वेगाने वाचली जाते असं धरा. तीन टीबी एकदा वाचायला सात तास लागतात. कॉपी करायला सात तास, कॉपी तपासायला पुन्हा वाचन. हा वेळ वेळापत्रकात आधीच धरायचा असतो. रोबोकॉपी ही विंडोजची कॉपी करणारी आज्ञा वापरत असाल तर एक गोष्ट आवर्जून बदला. फाइल वाचता आली नाही तर पुन्हा प्रयत्न करण्याचा तिचा मूळ आकडा दहा लाख आहे आणि दोन प्रयत्नांच्या मधे ती तीस सेकंद थांबते. डिस्कवर एक खराब सेक्टर असला तरी रात्र वाया जाते आणि सकाळी स्क्रीनवर तीच एक फाइल दिसते. प्रयत्न दोन, थांबणं पाच सेकंद, आणि लॉग फाइल सक्तीची.

ई०१ बद्दल नवख्यांचा एक गोंधळ कायम होतो. इथे हॅश, म्हणजे डेटावरून मोजलेले ठसे, दोन असतात. एक ई०१ फाइलीचा स्वतःचा, म्हणजे डब्याचा. दुसरा आतल्या डिस्कच्या डेटाचा, जो इमेज घेताना काढून शेवटच्या सेगमेंटमध्ये (इमेज ज्या फाइलींत तोडलेली असते त्यातल्या शेवटच्या) लिहून ठेवलेला असतो. डब्याचा हॅश कॉपी नीट झाली का ते सांगतो; आतला हॅश पुरावा तोच आहे का ते सांगतो. कुणी तीच इमेज वेगळ्या कॉम्प्रेशनने पुन्हा बनवली तर डब्याचा हॅश बदलतो, आतला तसाच राहतो. दोन्ही नोंदवा. एफटीके इमेजर किंवा ईडब्ल्यूएफ-व्हेरिफाय ही साधनं आतला हॅश पुन्हा मोजून जुळवून देतात. फॉरमॅटमध्ये ६४ सेक्टरच्या, म्हणजे ३२ केबीच्या प्रत्येक तुकड्याला वेगळा चेकसम असतो, त्यामुळे बिघाड असेल तर तो कुठल्या तुकड्यात आहे तेही कळतं. सेगमेंटची नावं ई०१ ते ई९९ आणि मग ईएए, ईएबी अशी जातात. त्यापुढचे सेगमेंट राहून गेलेले मी अनेकदा पाहिले आहेत, कारण कॉपी करणाऱ्याला वाटतं ई९९ला यादी संपली. इमेजसोबत येणारी मजकूर फाइल वाचा. न वाचता आलेले सेक्टर तिच्यात लिहिलेले असतात.

आता इमेज उघडा, पण फक्त वाचण्यापुरती माउंट करून. सगळ्यात आधी पार्टिशन बघा. मोठं पार्टिशन निरर्थक बाइट्सचा ढीग दिसत असेल तर बहुधा बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क-एन्क्रिप्शन, आहे. नव्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केलं की अनेक लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं आणि वापरणाऱ्याला पत्ताही नसतो. ४८ आकडी रिकव्हरी की आजच मागा. कर्मचारी कंपनीत असेपर्यंत ती मिळते. तो सोडून गेला की आठवडे जातात.

मग फाइलींची पूर्ण यादी काढा: मार्ग, आकार, तारखा, हॅश. ही यादी शांतपणे वाचणं हा या कामातला सगळ्यात मोलाचा तास आहे. वनड्राइव्हच्या फोल्डरमधल्या काही फाइलींना नाव आणि आकार असतो, पण डिस्कवर त्या शून्य जागा घेतात. त्या फक्त क्लाउडवर आहेत. इमेजमध्ये त्यांचा मजकूरच नाही. अशांची वेगळी यादी करून त्या क्लाउडवरून मागवाव्या लागतात, नाहीतर जॉबमध्ये त्या त्रुटी म्हणून येतात आणि सगळे सॉफ्टवेअरला दोष देत बसतात. दुसरं म्हणजे आपल्याकडची डी ड्राइव्हची सवय. ‘फक्त यूझर्स फोल्डर घ्या’ ही सूचना परदेशातल्या पद्धतीतून येते. आपल्या ऑफिसांत सी ड्राइव्ह उडाला तरी डेटा वाचावा म्हणून अर्धा संसार डीमध्ये असतो. आणि टॅली. नुसत्या आकड्यांच्या नावाची फोल्डरं दिसली तर ती प्रोसेसिंगला देऊन काही मिळणार नाही, त्यातून वाचण्याजोगा मजकूर निघत नाही. ती बाजूला काढा आणि टॅलीत उघडून हवे ते अहवाल घ्या.

थेट इमेज द्यायची की फाइली काढून, यावर माझं मत ठाम आहे: पूर्ण ई०१ प्रोसेसिंगला देऊ नका. एका लॅपटॉपवर विंडोजच्या आणि प्रोग्रॅमच्याच लाखो फाइली असतात. एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेच्या एनएसआरएल यादीशी (ओळखीच्या सॉफ्टवेअर-फाइलींचे हॅश) हॅश जुळवून ओळखीच्या फाइली गाळता येतात, पण त्यासाठी इंजिनाला आधी त्या सगळ्या वाचाव्या लागतात, आणि नुकतेच अपडेट आलेले तुकडे यादीत नसले की गाळणीतून सुटतातच. तुमच्या यादीवरून निवड करा आणि प्रत्येक व्यक्तीसाठी वेगळा एल०१ किंवा एडी१ (फक्त निवडलेल्या फाइलींचा डबा) बनवा. त्यात मूळ मार्ग आणि तारखा टिकतात. माउस धरून फाइली दुसऱ्या फोल्डरमध्ये ओढू नका. तयार झाल्याची तारीख तिथल्या तिथे आजची होते. डिलीट झालेल्या जागेतून फाइली शोधणं हे वेगळं काम आहे. चौकशीत त्याची गरज लेखी मांडली असेल तरच, आणि तेही वेगळ्या जॉबमध्ये.

झिपचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अर्काइव्ह दोन जातीची असतात. एक टपालाचं पाकीट: कंपनीच्या आयटीने तुम्हाला डेटा पाठवायचा म्हणून बांधलेली झिप. दुसरं कपाटातलं पाकीट: त्या माणसाने स्वतः बनवून ठेवलेली किंवा ई-मेलला जोडून पाठवलेली झिप. पहिलं हाताने उघडा, बिनधास्त. दुसऱ्याला हात लावू नका, ते इंजिनालाच उघडू द्या. कारण ई-मेल, तिला जोडलेली झिप आणि झिपमधला करार यांचं नातं पुरावा म्हणून लागतं. ‘हा करार या माणसाने या तारखेला याला पाठवला’ हे त्या नात्यातूनच सिद्ध होतं. झिप आधीच उघडून टाकली तर हातात नुसता करार राहतो, आईबापांशिवाय.

टपालाची पाकिटं उघडण्याआधी सेव्हन-झिपने आतली यादी फाइलीत काढा: किती फाइली, उघडल्यावर एकूण किती आकार. त्या आकाराच्या दुप्पट-तिप्पट जागा मोकळी ठेवा. तुमचा जॉब पडण्याचं कारण तात्पुरत्या फाइलींची जागा संपणं हे असू शकतं, ते लॉगमध्ये आधी बघा. ६०० जीबीचे दोन टीबी होणं अजिबात अशक्य नाही. तुकड्यांत आलेल्या झिप आणि रारचे सगळे तुकडे एकत्र ठेवून फक्त पहिला उघडा; प्रत्येक तुकडा वेगळी फाइल म्हणून इंजिनाला दिला की दरेक तुकड्यामागे एक त्रुटी मिळते. गूगल टेकआउटचे (गूगल खात्यातून उतरवून घेतलेल्या डेटाचे) भाग मात्र स्वतंत्र झिप असतात आणि एकच फोल्डर त्यांच्यात विखुरलेलं असतं. ते सगळे एकाच मुळाखाली उघडायचे. ज्या मशीनवर उघडाल तिथला अँटिव्हायरस कुठल्या फाइली उचलतो याकडेही लक्ष ठेवा. नेटवर्कपासून तोडलेलं वेगळं मशीन यासाठीच लागतं.

आता नावांकडे येतो. मराठी फाइलनावं असलेला डेटा हाताळणाऱ्याने हे नीट समजून घ्यावं, कारण इंग्रजी मार्गदर्शिकांत हे सापडत नाही. झिपमध्ये नाव यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवण्याची पद्धत) आहे हे सांगणारा एक बिट असतो. काही जुनी साधनं तो लावत नाहीत आणि देवनागरी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह किंवा अधोरेघ टाकतात. ‘ठराव’ म्हणजे ठ, र, काना, व: चार खुणा. ‘करार’ म्हणजे क, र, काना, र: याही चारच. दोन्ही फाइली बाहेर येताना चार अधोरेघांच्या एकाच नावाने येतात. उघडताना ‘सगळ्यांवर लिहा’ असं निवडलं असेल तर दुसरी फाइल पहिलीवर बसते, कुठलीही त्रुटी न दाखवता. एका कामात झिपच्या यादीतला आकडा आणि बाहेर आलेला आकडा यांत पंधराचा फरक निघाला. त्यातल्या चार फाइली अँटिव्हायरसने उचलल्या होत्या, नऊ लांब नावांमुळे अडल्या होत्या आणि दोनांवर अशाच दुसऱ्या फाइली बसल्या होत्या. त्या दोनांपैकी एक संचालक मंडळाचा ठराव होता. तेव्हापासून मी नाव जुळलं तर नवं नाव द्या हाच पर्याय वापरतो, आणि आकडे जुळेपर्यंत पुढे जात नाही.

लांब नावांचंही तसंच. विंडोजमध्ये बरीच साधनं पूर्ण मार्ग २६० वर्णांच्या आत मागतात, म्हणून उघडण्याचं फोल्डर ड्राइव्हच्या मुळाशी, एका अक्षराच्या नावाचं ठेवा. लिनक्सवर मात्र वेगळीच अडचण येते. तिथे फाइलनावाची मर्यादा २५५ बाइट्स आहे आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट्स घेते. म्हणजे काना-मात्रा-हलंत धरून ८५ खुणा संपल्या की नाव संपलं. पत्राचा अख्खा विषय फाइलीला नाव म्हणून द्यायची आपली पद्धत लक्षात घ्या. ‘इतिवृत्त’, ‘मंजुरीबाबत’ असले शब्द जोडत गेलेल्या लांबलचक नावांच्या फाइली विंडोजवर उघडतात आणि लिनक्सवर अडतात. मॅकवरून आलेल्या झिपमध्ये ‘दुसऱ्या’मधला ऱ कधी र आणि नुक्ता असा दोन खुणांत फोडलेला असतो. डोळ्यांना नाव सारखं दिसतं, यादीशी जुळवताना मात्र जुळत नाही. जुळवणी करण्यापूर्वी दोन्ही याद्या एकाच युनिकोड रूपात आणा. मॅकच्या झिपमधलं जास्तीचं फोल्डर, ज्यातल्या फाइलींची नावं टिंब आणि अधोरेघेने सुरू होतात, तेही हिशेबात वेगळं दाखवा. त्याने आकडा जवळजवळ दुप्पट दिसतो.

वेळेबद्दल एकच सांगतो, पण ते विसरू नका. झिपमधली मूळ तारीख स्थानिक वेळेत, दोन सेकंदांच्या टप्प्यात असते आणि ती कुठल्या देशाची हे तिच्यात लिहिलेलं नसतं. तुमचं मशीन अमेरिकेच्या क्लायंटसाठी न्यूयॉर्कच्या वेळेवर लावलेलं असेल आणि झिप पुण्यात बनलेली असेल, तर फाइलींच्या तारखा साडेनऊ-साडेदहा तासांनी सरकतात. रात्रीचं काम दुसऱ्या दिवशी जाऊन पडतं. उघडणाऱ्या मशीनची वेळ आधी ठरवा आणि नोंदवहीत लिहा.

पासवर्डच्या फाइली फेकून देऊ नका. एन्क्रिप्ट केलेल्या झिपमधली नावं आणि आकार बहुतेक वेळा उघडेच असतात, आणि जुन्या झिप-एन्क्रिप्शनमध्ये प्रत्येक फाइलीचा सीआरसी-३२ (मजकुरावरून काढलेला छोटा तपासणी-आकडा) सुद्धा दिसतो. तो आणि आकार घेऊन बाकीच्या डेटात शोधा. तीच फाइल त्या माणसाच्या पाठवलेल्या मेलमध्ये विनापासवर्ड पडलेली असते, असं मला पुष्कळदा सापडलं आहे. जुळली म्हणजे तीच, असं मात्र लिहू नका. सीआरसी हा हॅश नव्हे, तो फक्त दिशा दाखवतो. आपल्याकडच्या पीडीएफचे पासवर्ड ठरावीक धाटणीचे असतात: ई-आधारला नावाची पहिली चार कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष, आयकराच्या कागदांना पॅन आणि जन्मतारीख. चौकशीच्या अधिकारपत्रात याला परवानगी असेल तर ती माहिती घेऊन पासवर्डची यादी इंजिनाला द्या. परवानगी नसेल तर त्या फाइली बंदच ठेवून अहवालात दाखवा.

पीएसटी थेट द्या, पण प्रत्येक वेगळ्या जॉबमध्ये. आउटलुक २०१० पासून पीएसटीची मूळ मर्यादा ५० जीबी आहे, त्यामुळे चाळीस-पंचेचाळीसच्या फाइली काठावर आलेल्या आहेत. आधी उघडून फोल्डरनिहाय मेलची संख्या नोंदवा. फाइल बिघडलेली निघाली तर स्कॅनपीएसटी हे दुरुस्तीचं साधन फक्त कॉपीवर चालवा, कारण दुरुस्त करताना ते काही गोष्टी टाकून देतं. एमबॉक्स (अनेक मेल एकापाठोपाठ ठेवलेली फाइल) आली आणि तोडावी लागली तर आकारावर तोडू नका, दोन मेलच्या सीमेवरच तोडा.

मराठी मजकुराचीही तयारी आत्ताच करावी लागते. जुन्या वर्ड फाइली आधी नमुन्याला उघडून फॉन्ट बघा. कृतिदेव, श्रीलिपी किंवा सी-डॅकचे डीव्हीबी फॉन्ट असतील तर स्क्रीनवर मराठी दिसतं, फाइलीत मात्र रोमन आणि इतर खुणा असतात. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द ई, जे, के, मोठा बी, एच या पाच अक्षरांत साठलेला असतो. वकिलांनी ‘मराठी’ शोधलं तर ही फाइल कधीच सापडणार नाही, आणि कुठली त्रुटीही येणार नाही, कारण इंजिनाच्या मते मजकूर व्यवस्थित निघालेला आहे. अशा फाइलींची फॉन्टनुसार यादी करून मजकूर युनिकोडमध्ये बदला, किंवा चित्र करून मराठी ओसीआर (चित्रातली अक्षरं वाचणारं साधन) लावा, आणि मूळ फाइल तशीच ठेवा. युनिकोडमध्येही ‘ॲडव्हान्स’चा ॲ एका खुणेत, किंवा अ वर चंद्र देऊन दोन खुणांत, किंवा हिंदी कीबोर्डचा ऍ असा तिन्ही प्रकारे सापडतो, एका खुणेचा ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला. शोधशब्दांच्या यादीत तिन्ही रूपं घाला.

जॉब छोटे करताना क्रमही विचारपूर्वक लावा. बहुतेक इंजिनांत सारख्या फाइली गाळताना जी आधी आली ती मुख्य प्रत ठरते. चौकशी ज्याच्याभोवती आहे त्याचा डेटा आधी लावा.

हे सगळं नोंदवहीत लिहून ठेवण्याचं कायदेशीर कारणही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याच्या नमुन्यात हॅश आणि तो कुठल्या अल्गोरिदमने काढला हे विचारलेलं आहे. भाग अ पक्षकाराने आणि भाग ब तज्ज्ञाने भरायचा असतो. जुन्या कायद्यातल्या अशाच प्रमाणपत्रावर सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात निकाल दिला, आणि त्याचं मूळ जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत होतं. उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही हे दाखवणाऱ्या व्हिडिओ चित्रणाचा वाद होता, आणि मूळ उपकरण हजर केलं नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे असं न्यायालयाने स्पष्ट केलं. तुमची नोंदवही आज नीट असेल तर दोन वर्षांनी भाग ब भरणाऱ्याला, कदाचित तुम्हालाच, अंदाजाने काही लिहावं लागणार नाही.

सोमवारचं काय? वकिलांना आज संध्याकाळीच लिहा. डेटा किती आहे, तो एकदा वाचायलाच सात तास का लागतात, आणि सोमवारी त्यांच्या हातात काय असेल: मुख्य व्यक्तीची एक पीएसटी, पूर्ण हिशेबासकट. तीन इमेजपैकी एखादी बिटलॉकरने बंद निघाली तर तेही त्याच मेलमध्ये लिहा आणि की कुणाकडून हवी ते नावानिशी सांगा. डिस्कची कॉपी आत्ता सुरू केलीत आणि दोन्ही पीएसटी कॉपीच्या रांगेत पहिल्या ठेवल्यात, तर पहिला जॉब तुम्ही घरी जाण्याआधी लावू शकाल.